खिडकीचा रंग

"हेल्पडेस्क, नमस्कार. नाव आणि कर्मचारी क्रमांक सांगा."

"अहो, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

पलीकडे कोणीतरी हसलं. तो नव्हे, त्याच्या आसपासचं कोणीतरी. म्हणजे फोन स्पीकरवर होता. सातव्या मजल्यावरच्या दालनात लांबलचक टेबलाच्या मधोमध कासवासारखा एक फोन बसलेला असतो, त्यावरून बोलणं चाललं होतं.

"ताई, आवाज ओळखला नाही का? थट्टा नको, घाईत आहे."

"आवाजावरून ओळख धरायची नाही, असा नियम आहे साहेब. नाव आणि क्रमांक."

आवाज मी पहिल्या 'अहो'लाच ओळखला होता. दोन वर्षं मी याच आवाजाची वाट बघत होते.

ओळख पडताळणी. प्रश्न पहिला: नाव, क्रमांक.
उत्तर: दिलं. जुळलं.
शेरा:

फॉर्मवर शेऱ्यासाठी दोन ओळी सोडल्यात. त्या पुरत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

त्याने नाव सांगितलं. त्या नावाने त्याला ऑफिसात कोणी ओळखत नाही. सगळे त्याला सुसाट म्हणतात. आता विभागाचा मुख्य झाल्यापासून सुसाट साहेब. बोटं इतकी जलद की कीबोर्डवर गारा पडल्यासारखं वाटावं. मला थांबाताई म्हणायचे. का, ते येईलच.

आमची कंपनी चारशे दवाखान्यांना तपासण्यांचे अहवाल पोचवते. कुणाचं रक्त, कुणाच्या छातीचा फोटो, कुणाची गाठ. डॉक्टरच्या पडद्यावर अहवाल उमटतो तो आमच्याकडून. हे काम करणारे प्रोग्रॅम डब्यांत भरलेले असतात, कंटेनर म्हणतात त्यांना. ते डबे नऊ यंत्रांवर वाटलेले. नऊ यंत्रं एकत्र जुंपली की झाला क्लस्टर. त्याच्याशी बोलायला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक काळी खिडकी, एक लुकलुकणारी रेघ आणि आपण लिहिलेली एक ओळ. ओळ लिहायची, एंटर मारायचं. एंटरनंतर "अरेरे" म्हणायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, उपयोग कोणालाच नाही.

सात वर्षं ती खिडकी माझी होती. आता मी तळमजल्यावर बसते, जिन्याखाली, पाण्याच्या पंपाला लागून. "पासवर्ड विसरलात का? हरकत नाही" हे वाक्य दिवसाला साठ वेळा म्हणते.

प्रश्न दुसरा: अडचण काय, थोडक्यात.

"नवीन फोन घेतला काल," तो म्हणाला. "लॉगिनचा कोड जुन्या फोनवर येत होता. जुना पुसून टाकला. मला कोड नव्या फोनवर जोडून द्या, एवढंच काम आहे. एका मिनिटाचं."

"जुना फोन कधी पुसला?"

"काल संध्याकाळी. ते महत्त्वाचं आहे का?"

"फॉर्मवर आहे."

"ताई, इथे संचालक मंडळ बसलंय. मुद्दामच स्पीकरवर ठेवलंय, म्हटलं त्यांनाही कळू दे आपल्याकडे साध्या कामाला किती वेळ लागतो ते."

"बरं केलंत," मी म्हणाले. "सगळ्यांना नीट ऐकू येतंय ना?"

शेजारच्या खुर्चीवरची माझी सोबतीण कानावरचा हेडफोन सरकवून कुजबुजली, "काय गं, कोणाला सोलतेयस?"

मी बोटाने वर दाखवलं. सात बोटं. तिने स्वतःचा फोन 'व्यस्त'वर टाकला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

आज काय चाललंय ते अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. जुना नऊ यंत्रांचा क्लस्टर बंद करायचा आणि बारा यंत्रांच्या नव्यावर जायचं. दवाखान्यांना सांगितलेलं, अकरा ते बारा अहवाल दिसणार नाहीत. सकाळी आठपासूनचे ताजे अहवाल फक्त नव्यात येऊन पडत होते. जुन्यातले डबे काढून टाकले की नव्याचं दार उघडणार. दोन्हीकडून एकदम अहवाल जायला लागले तर या पेशंटचा त्याला जाईल, म्हणून. हे काढून टाकायचं काम दोनच माणसांच्या लॉगिनने होतं. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर. दुसरा हा.

घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

प्रश्न तिसरा: कोड पहिल्यांदा जोडला ती तारीख.
उत्तर: चुकलं.

"तारीख कोणाच्या लक्षात राहते हो?"

"ज्याने नियम लिहिला त्याच्या राहावी," मी म्हणाले. "साहेब, आठवण करून देते. दोन उत्तरं चुकली की खातं चोवीस तास बंद. अपवाद नाही. एक चुकलंय."

तिकडे खुर्च्या करकरल्या. एका बाईचा आवाज आला, सावकाश, वय झालेला. "हा नियम कोणी केला?"

उत्तर मी दिलं असतं, पण मला विचारलं नव्हतं.

नियम त्यानेच केला. दोन वर्षांपूर्वीच्या प्रकारानंतर अहवाल त्यानेच लिहिला आणि शिफारशीही त्याच्याच. शिफारस एक: यापुढे कोणी स्वतःजवळ फाइल ठेवून क्लस्टरमध्ये शिरणार नाही. प्रत्येकाने लॉगिनची कमांड द्यायची, ब्राउझर उघडेल, पासवर्ड, मग फोनवरचा कोड, मग आठ तासांपुरता परवाना. शिफारस दोन: कोड हरवला तर फक्त हेल्पडेस्क, फक्त फोनवर, पाच प्रश्न. शिफारस तीन: जबाबदार कर्मचाऱ्याची बदली हेल्पडेस्कवर करावी.

तिसरी शिफारस म्हणजे मी.

मला सूड हवा होता. 'न्याय' हा शब्द मी सातव्या मजल्यासाठी ठेवते, तिथे तो शोभतो. मी दोन वर्षं त्या पाच प्रश्नांचा फॉर्म रोज हाताळत होते आणि रोज मनात म्हणत होते, कधीतरी तुझाही कोड हरवेल रे. माणूस फोन बदलतोच.

प्रश्न चौथा: शेवटचं लॉगिन कोणत्या यंत्रावरून.
उत्तर: दिलं. जुळलं.

इथे थोडं मागे जाते.

त्याला काम मी शिकवलं. मोठा, लग्न झालेला माणूस होता, दुसरीकडून अनुभव घेऊन आलेला, तरी पहिले सहा महिने माझ्या शेजारी बसला. मी त्याला एकच गोष्ट शिकवू शकले नाही. आमच्याकडे दोन क्लस्टर: सरावाचा तीन यंत्रांचा, खरा नऊ यंत्रांचा. काळी खिडकी दोन्हींची सारखीच. तुम्ही कुठे उभे आहात हे ती आपण होऊन सांगत नाही. म्हणून मी काहीही करण्याआधी एक ओळ लिहायचे: यंत्रांची यादी दाखव. तीन आली, तर कर बाई काय करायचं ते. नऊ आली, तर हात मांडीवर ठेवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढे. दिवसातून चाळीस वेळा. बाजूला कोणी घाई करायला लागलं की मी म्हणायचे, थांबा, आधी बघू कुठे आहोत. म्हणून थांबाताई.

"ताई, तुम्ही घराला कुलूप लावून दहा वेळा ओढून बघणाऱ्यांतल्या," तो हसायचा. त्याने त्याच्या खिडक्यांना रंग दिले होते. सरावाची हिरवी, खऱ्याची लाल. "बघा, विचारायची गरजच नाही. रंग दिसतोय."

नऊ यंत्रं मला पाठ होती. चौथं जरा आळशी. आठ जण पटकन हजेरी द्यायचे आणि हे महाशय अर्ध्या सेकंदाने. ते आलं की मला बरं वाटायचं.

त्या मंगळवारी साडेअकराला तो माझ्या टेबलाशी आला.

"ताई, पाच मिनिटं तुमची फाइल द्या ना. माझं लॉगिन परत संपलं. ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, कोण करत बसेल?"

माझ्याकडे अडीअडचणीची फाइल होती. जुन्या जातीची. तिला लॉगिन लागत नाही, फाइल ज्याच्याजवळ तो आत. तो आत जे करेल त्याच्या नोंदी मात्र माझ्या नावाने.

"अरे, ती अशी देत नसतात."

"मी काय परका आहे का?"

परका नव्हता. माझ्या मुलीच्या परीक्षेचा निकाल मी नवऱ्याआधी त्याला सांगितला होता. मी फाइल दिली.

अकरा बेचाळीसला चारशे दवाखान्यांचे पडदे रिकामे झाले.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणाला, "ताई, खिडकी हिरवी होती."

रंग खिडकीचा होता, फाइलचा नव्हता. त्याने माझी फाइल हिरव्या खिडकीत जोडली आणि खरा क्लस्टर हिरवा दिसायला लागला. सरावातला कचरा म्हणून त्याने खऱ्यातलं सगळं काढलं. न विचारता. दोन दिवसांचे अहवाल परत आणायला तीन दिवस गेले. एका बाईचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. तिच्या नवऱ्याने हेल्पडेस्कला फोन करून ज्या शिव्या दिल्या, त्या चौकशीत मला वाचून दाखवल्या.

चौकशीत नोंदीची पानं पुढे ठेवली. कोण: माझं नाव. काय: काढून टाक. कधी: ११:४२:०७. संचालक मंडळाच्या अध्यक्ष, त्या सावकाश बोलणाऱ्या मोठ्या बाई, त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावरच्या पेल्याकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. आता. आता.

"नाही," मी म्हणाले.

काय सांगणार होते? फाइल दुसऱ्याला देणं म्हणजे नोकरीच जाणार. चूक केली म्हटलं तर बदली, किल्ली दिली म्हटलं तर दार बंद. मी वाट पाहत होते की तो तोंड उघडेल. त्याने उघडलं, नंतर. अहवालात लिहिलं, 'मानवी चूक'. मानव कोण ते लिहिलं नाही. गरजच नव्हती.

(फॉर्मवर नसलेली जागा)

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. चार महिन्यांनी एका रविवारी त्यांनी माझ्या पिशवीतली ती नोंदीची पानं जेवणाच्या टेबलावर पसरली. इंग्रजी बेताचं, पण ओळी जुळवायची सवय. लिफ्टच्या तारा अशाच बघतात.

"अगं, ही एक ओळ दर वेळी आधी येते बघ. काही बदललंस की त्याच्या आधी ही. काही काढलंस, त्याच्याही आधी ही."

"ती यंत्रांची यादी. माझी सवय."

त्यांनी बोट खाली खाली नेलं. पानं उलटली. मग थांबले.

"इथे नाही."

११:४२:०७. वरच्या ओळीत यादी नव्हती. त्याच्या वरच्या ओळीतही नव्हती. सात वर्षांत एकदाच, आणि नेमकी त्याच वेळी.

"हा तुझा हात नाही," ते म्हणाले.

मी रडले. दोन वर्षांत तेवढीच. मग पानं गोळा करता करता ते दुसरं वाक्य बोलले, आणि ते मला अजून टोचतं. "आम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की मेन स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. भावाला नाही देत. चूक त्याची गं, पण किल्ली तुझी."

आठ दिवस मी त्यांच्याशी फक्त मीठ द्या, दार लावा एवढंच बोलले.

तेव्हापासून मी रोज सकाळी हेल्पडेस्कच्या संगणकावर काळी खिडकी उघडत आले. ती जुनी फाइल अजून चालत होती. कार्ड परत घेता येतं, पासवर्ड बदलता येतो. त्या जातीच्या फाइलला क्लस्टर मरेपर्यंत मरण नाही, आणि हे ठाऊक असलेली दोन माणसं, एक मी आणि एक तो. त्याला ते आठवायला सवड नव्हती. रोज सकाळी मी यंत्रांची यादी मागायचे. नऊ. चौथं उशिरा. खोटं कशाला बोलू, ख्यालीखुशाली विचारायला नाही जायचे मी. काही मोडलंय का ते बघायला जायचे. मोडावं अशी इच्छा धरून. माझी बोटं एका ओळीच्या अंतरावर होती रोज. एक ओळ, एक एंटर, आणि सुसाट साहेबांच्या मुख्यपणाचा चुराडा. ती ओळ मी मनात इतक्या वेळा लिहिली की तिच्यातलं अक्षर न् अक्षर गुळगुळीत झालं.

मग ते ऑपरेशन ढकललेल्या बाईच्या नवऱ्याचं बोलणं आठवायचं, आणि मी खिडकी बंद करायचे. चांगुलपणाने नाही. त्या शिव्या पुन्हा माझ्याच नावावर लागल्या असत्या.

प्रश्न पाचवा.

पाचवा प्रश्न छापलेला नाही. फॉर्मवर लिहिलंय: 'पडताळणी करणाऱ्याने स्वतःच्या माहितीतून असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर कोणत्याही कागदावर नाही आणि फक्त खऱ्या व्यक्तीलाच ठाऊक आहे.' ही त्याची आवडती शिफारस. यामुळे तोतया सापडेल, असं त्याने मंडळाला समजावलं होतं.

अकरा एकवीस.

"ताई, दवाखाने खोळंबलेत. लवकर विचारा."

"विचारते. हे संभाषण रेकॉर्ड होतंय, माहितीसाठी सांगायचं असतं."

"माहीत आहे हो!"

"दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार," मी म्हणाले. शब्द एकेक सुटा पडत होता. "अकरा बेचाळीस. साहेब, त्या वेळी तुमच्या खिडकीचा रंग कोणता होता?"

माझ्या सोबतिणीने तोंडावर हात ठेवला. तिला काही ठाऊक नव्हतं. माझा आवाज ऐकूनच ठेवला असावा.

स्पीकरमधून पंख्याची घरघर येत होती. कोणाचा तरी पेन टेबलावर आपटला.

"हा... हा काय प्रश्न झाला?"

"पाचवा."

"याचा संबंध नाही. दुसरा विचारा."

"बदलून देता येत नाही. शिफारस दोन, कलम पाच. उत्तर दिलं नाही तर चुकलं असं धरायचं."

"ताई." आता आवाज खाली आला होता. फोनच्या अगदी जवळ. "ताई, नंतर बोलू ना आपण. मी येतो खाली."

दोन वर्षांत हा माणूस तळमजल्यावर आमच्या दाराशी एकदाही आला नव्हता. सात मजले. लिफ्ट आमच्या ह्यांनीच दुरुस्त केलेली, उत्तम चालते.

"उत्तर, साहेब."

"खिडकी कसली?" मोठ्या बाईंनी विचारलं. "तुम्ही उत्तर का देत नाही? खिडकी तुमची नव्हती का?"

बघा कसं असतं. लाल म्हणाला तर चुकलं, आणि खातं चोवीस तास बंद. माहीत नाही म्हणाला, तरी तेच. खरं सांगितलं, तर अकरा बेचाळीसला तो तिथे होता. मी जाळं विणलं नव्हतं. ते त्यानेच विणलेलं. मी फक्त दोरी धरून बसले होते.

"हिरवा," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं. मला पुन्हा ऐकायचं होतं.

"हिरवा होता! खिडकी हिरवी होती."

"बरोबर," मी म्हणाले. "उत्तर जुळलं. आपण आपणच आहात."

मी नवा कोड जोडून दिला, सहा आकडे वाचून दाखवले. त्याने लॉगिनची कमांड दिली असावी, गारा पडल्या. परवाना मिळाला. पडदा मोठा असतो वर, सगळ्यांना दिसला असणार. पाचव्या प्रश्नाचा अर्थ त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत होता, आणि तो अर्थ पुरता उतरायच्या आत त्याला काम संपवून टाकायचं होतं. माणूस घाबरला की जलद होतो. हा तर आधीच सुसाट.

नियमाप्रमाणे इथे मी फोन ठेवायचा.

फोन ठेवल्याची वेळ:

रिकामी सोडते. कारण ठेवला नाही.

एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती आणि मला होती. गेल्या महिन्यात लॉगिनचं साधन बदललं. तेव्हापासून नव्याने लॉगिन केलं की ते तुम्हाला यादीतल्या पहिल्या क्लस्टरवर नेऊन बसवतं. आधी कुठे होतात ते विसरतं. दिवसाला दहा फोन येतात मला. "अहो, मी सरावात होतो, इथे कसा आलो?" यादी अक्षरांच्या क्रमाने लागते. पहिलं नाव आहे नव्या क्लस्टरचं. बारा यंत्रांच्या. ज्यात सकाळी आठपासूनचं सगळं होतं आणि जे दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्याने हेल्पडेस्कला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. त्याला कसं ठाऊक असणार?

खिडकीला आता रंग होते का? असणार. हिरवी, लाल, आणि जुन्याची एखादी करडी. खिडकी करडी आणि पाय नव्यात.

गारा थांबल्या. म्हणजे ओळ लिहून झाली होती. मी कान देऊन ऐकत होते. इतक्या वर्षांत मला आवाजावरून ओळीची लांबी कळते. यादीची ओळ आखूड असते. ही लांब होती. आखूड ओळ त्याच्या आधी आली नव्हती. याही वेळी नाही.

मी गप्प बसले.

हे लिहायला हवं, म्हणून लिहिते. मी गप्प बसले. माझं काम संपलं होतं, फॉर्म पुरा होता, नियम माझ्या बाजूने होते आणि या वेळी नोंद त्याच्या नावाने होणार होती. मला फक्त काहीही न करता बसायचं होतं. मी मनात मोजलं. एक. भर मंडळासमोर. दोन. त्याच्याच हाताने. तीन. दोन वर्षं, जिन्याखाली, पंपाशेजारी. इतकं गोड काही मी आयुष्यात चाखलेलं नाही.

"झालंच," तो वर कोणाला तरी म्हणाला. "एक एंटर आणि संपलं."

"थांब," मी म्हणाले.

मी नाही म्हणाले खरं तर. सवय म्हणाली.

"थांब रे. एंटर नको मारूस. आधी विचार कुठे आहेस."

'साहेब' गळून पडलं होतं, 'आपण'ही. मग आखूड ओळीचा आवाज. टक टक टक, हळू, एका बोटाने लिहिल्यासारखा.

"किती आली?" मी विचारलं.

वरून नुसतं पुटपुटणं आलं.

"मोठ्याने मोज. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"...बारा."

"आणि कुठे असायला हवं होतं तुला?"

"नऊवर," तो म्हणाला. आवाज फुटला. "ताई, नऊवर."

कोणीतरी खुर्ची मागे सरकवून उभं राहिलं. मोठ्या बाई. पावलं फोनजवळ आली.

"एंटर मारलं असतं तर काय झालं असतं?" त्यांनी मला विचारलं, त्याला नाही.

"सकाळपासूनचं सगळं गेलं असतं. परत आलं नसतं."

"आणि दोन वर्षांपूर्वी असंच झालं?"

"असंच."

"तुम्ही त्याच ना? चौकशीत मी विचारलं होतं, काही सांगायचंय का. नाही म्हणालात."

"हो."

"आता आहे?"

"नोंदीत लिहिते. वाचा," मी म्हणाले. "आणि त्याला जुन्यावर जायला सांगा. बारा वाजतील. दवाखाने खोळंबलेत."

आता फोन ठेवला. अकरा बत्तीस.

शेरा (दोन ओळी):

दोन वर्षांपूर्वी मंगळवारी ११:४२ ची कमांड या व्यक्तीने दिली.
माझी फाइल वापरून. ती मी दिली होती.

दोन ओळी पुरल्या.

सोबतिणीने खांद्यावरून वाचलं. "अगं ए, दुसरी ओळ कशाला? पहिलीने त्याचं झालं की. दुसरीने तुझं होईल."

"किल्ली माझी होती."

"वेडी आहेस का? थोड्या दिवसांचा प्रश्न, मग तुला वर बोलावतील, हार घालतील."

"हार नको," मी म्हणाले. "मला तो खाली आलेला बघायचा होता. तो येतोय. मी वर जाणार नाही, एवढंच."

नोंद पाठवून दिली. मग ड्रॉवर रिकामा करायला घेतला. एक कंगवा, पाण्याची बाटली, चौकशीची पानं, कडा मऊ झालेली. तेवढ्यात जिन्याकडे पावलं वाजली. सात मजले माणूस लिफ्टने न येता पायऱ्यांनी का उतरतो? वेळ लागावा म्हणून. तो दाराशी येऊन उभा राहिला, आत आला नाही. मी मान वर केली नाही. तो काही बोलला असेल तर पंपाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा म्हणायला सांगितलं नाही. थोड्या वेळाने दार रिकामं होतं.

अकरा एकावन्नला मी शेवटची काळी खिडकी उघडली. यंत्रांची यादी दाखव.

सात आली.

पुन्हा विचारलं. पाच. डबे काढून झाले होते, तो वर आता यंत्रं एकेक बंद करत होता. या वेळी बरोबर जागी. पुन्हा विचारलं. दोन. एंटरवर बोट ठेवून मी थांबले, पाण्याचा घोट घेतला, हात मांडीवर ठेवले. मग विचारलं.

पडदा क्षणभर कोरा राहिला. वाटलं, संपलं. मग अर्ध्या सेकंदाने, नेहमीसारखं उशिरा, एकटं चौथं आलं.

मी पुढे विचारलं नाही.